छंद संग्रहाचा, मान कारागिराचा

बेंगळुरूच्या दक्षिणेस होसूर मार्गावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी आज जगाच्या नकाशावर आहे. १९७८ साली 'केऑनिक्स' या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने, आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून, कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरू या गावांच्या परिसरातील सुमारे ३३५ एकर जागेवर तिची मुहूर्तमेढ रोवली. तेव्हा या उजाड माळावर संगणकाची पंढरी उभी राहील, हे भाकीत फारसे कोणी गंभीरपणे घेतले नसावे. मराठी माणसाचे या वसाहतीशी नाते जवळचे आहे. १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेल्या इन्फोसिसचे मुख्यालय येथेच आहे. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर येथून आलेले असंख्य तरुण अभियंते येथील उंच इमारतींत संसार थाटून राहिले आहेत. दिवाळीच्या फराळापासून गणेशोत्सवापर्यंत सारे काही ते हौसेने करतात.

त्यांच्यापैकी कित्येकांच्या दिवाणखान्यात एक वस्तू हमखास आढळते. कोपऱ्यात उभा असलेला, बकऱ्याच्या कातड्याचा, लाल, हिरव्या, काळ्या आणि पिवळ्या रंगांत रंगविलेला दीप. आत दिवा लागला की कातड्यावरील राम-सीता, गणपती, मोर किंवा वेलबुट्टी उजळून निघते आणि कोरलेल्या बारीक छिद्रांतून प्रकाशाचे ठिपके भिंतीवर पसरतात. एखाद्या हस्तकला प्रदर्शनात तो आवडला, थोडी घासाघीस झाली, वस्तू घरी आली. येणारे-जाणारे पाहुणे कौतुक करतात. "कुठून घेतला?" या प्रश्नाचे उत्तर तत्काळ मिळते, "केवढ्याला?" याचेही मिळते. "कोणी केला?" असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही, आणि विचारलेच तर यजमानाला त्याचे उत्तर ठाऊक नसते.

वस्तुतः संग्रहाचा छंद सुरू होतो तो या तिसऱ्या प्रश्नापासून.

आपल्याकडे छंदाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत आणि दोन्ही सारख्याच अपुऱ्या आहेत. पहिली म्हणते की, छंद म्हणजे रिकामपणचा उद्योग. दुसरी दृष्टी नव्या काळाची आहे. तिला प्रत्येक गोष्टीत परतावा दिसतो. नाणी जमवा, चित्रे घ्या, पुढे किंमत वाढेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्यांचा दिवस व्याजदर आणि मुदतठेवींच्या हिशेबात जातो, त्यांनीच हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, हौसेने जमविलेल्या हस्तकलेच्या वस्तूंना गुंतवणूक समजणे ही शुद्ध फसगत आहे. त्यांना बाजारभाव नसतो, तातडीने विकत घेणारा गिऱ्हाईक नसतो, आणि कातड्यासारख्या वस्तूला तर वय झाले की झीज ठरलेली. बचतीसाठी बँक आहे. संग्रह करायचा तो आनंदासाठी.

हा आनंद कोणत्या जातीचा असतो, हे पाहायचे तर पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवावी. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. बालवयात निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले आणि १९७५ साली हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथे काय आहे? दिवे आहेत, अडकित्ते आहेत, कुलपे आहेत, दौती आहेत, पाय घासण्याच्या वज्रीसुद्धा आहेत. राजेरजवाड्यांच्या तलवारींपुढे लोक थबकतात हे खरे, पण केळकरांची खरी थोरवी त्या वज्रीत आहे. एका सामान्य बाईच्या रोजच्या वापरातील वस्तूला कोणा अनाम कारागिराने मोराचा किंवा हत्तीचा आकार दिला, आणि कोणीतरी तो जपून ठेवण्याजोगा मानला. संग्राहकाची नजर म्हणतात ती हीच.

ही नजर इलेक्ट्रॉनिक सिटीतील त्या चर्मदीपाकडे वळविली, तर एक फार मोठी गोष्ट उलगडते.

हा दीप मुळात दीप नाही. तो छायानाट्यातील बाहुली आहे, जिने पोटासाठी रूप बदलले. आंध्रात या कलेस 'तोलु बोम्मलाट' म्हणतात आणि कर्नाटकात 'तोगलु गोंबेयाट'. दोन्हींचा अर्थ एकच, कातडी बाहुल्यांचा खेळ. पांढरा पडदा ताणायचा, त्यामागे दिवा ठेवायचा आणि पडदा व दिवा यांच्यामध्ये बाहुल्या नाचवीत रामायण-महाभारतातील प्रसंग रात्रभर रंगवायचे. पाऊस लांबला की गावकरी या मंडळींना मुद्दाम बोलावणे धाडीत, कारण खेळ लागला की पाऊस येतो अशी श्रद्धा होती.

बाहुली घडविण्याचे काम चिकाटीचे आहे. कातडे भिजवून, त्यावरील केस व मांस खरवडून काढून ते ताणून वाळवितात. असे कातडे कमावलेले नसते. चप्पल-पट्ट्याच्या चामड्याशी त्याचे काही साम्य नाही. ते जाड तेलकट कागदासारखे अर्धपारदर्शक होते. त्यावर आकृती रेखाटली जाते, काळ्या रेषा ओढल्या जातात, रंग दोन्ही बाजूंनी भरले जातात, म्हणजे दिव्याचा उजेड पलीकडे रंगीत होऊनच पोहोचतो. मग छिद्रांचे काम. निरनिराळ्या तोंडांच्या छिन्न्या ठोकून गोल, पानाकृती, फुलाकृती भोके पाडली जातात. दिवसाच्या उजेडात ती निव्वळ भोके दिसतात. दिवा लागताच ती सीतेच्या गळ्यातील मोती होतात, रावणाच्या मुकुटातील हिरे होतात. सोन्याचा कण न वापरता दागिने घडविणारी ही सोनारकी आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. आंध्रातील काही बाहुल्या पुरुषभर उंचीच्या असतात. त्यांचे शीर, धड, हात निरनिराळ्या कातड्यांतून कापून गाठींनी जोडलेले असतात, म्हणून त्या हात हलवितात, मान वळवितात. कर्नाटकात लहान आणि मोठ्या बाहुल्यांच्या दोन स्वतंत्र परंपरा आहेत, आणि तेथे कधीकधी एकाच कातड्यावर रथ, घोडे आणि सारथी यांसह सबंध प्रसंग कोरलेला आढळतो.

बेंगळुरूहून हिंदुपूरमार्गे धर्मावरमला रेल्वेने जाता येते. रेशमी साड्यांसाठी नावाजलेल्या या गावाच्या परिसरात, आताच्या श्री सत्यसाई जिल्ह्यात, निम्मलकुंटा नावाचे खेडे आहे. चर्मदीपांचे हे एक मोठे माहेरघर. आंध्र प्रदेशच्या चर्म-बाहुलीकलेस २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि येथील दलवाई चलपती राव यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आता मराठी वाचकास चकित करणारी बाब अशी की, या कारागिरांच्या घरात बोलली जाणारी भाषा मराठीचीच एक बोली आहे. तिला 'आरे' म्हणतात. कर्नाटकातील शिळ्ळेक्यात समाज कानडीत खेळ करतो, पण चुलीपाशी बोलतो ती मराठीची बोली. तमिळनाडूत हा खेळ करणाऱ्या मंडिकर मंडळींचीही हीच कथा आहे. शहाजीराजांची बेंगळुरूची जहागीर आणि व्यंकोजीराजांनी स्थापिलेले, १८५५ पर्यंत टिकलेले तंजावरचे मराठी राज्य, या काळात ही घराणी दक्षिणेत उतरली असे सामान्यतः मानले जाते. बाहुल्या त्यांनी बरोबर नेल्या की तेथे जाऊन ही कला आत्मसात केली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ते काहीही असो. दौलती गेल्या, तख्ते गेली, आणि फिरस्त्या बाहुलीवाल्यांनी मात्र परक्या मुलखात कातड्याबरोबर आपली बोलीही शतकानुशतके सांभाळली!

प्रदर्शनातील दालनात पुण्याचा अभियंता मोडक्या हिंदीत भाव करतो, समोरचा कारागीर तितक्याच मोडक्या हिंदीत उत्तर देतो. दोघांच्याही आजीची भाषा एकाच कुळातली आहे, याची दोघांनाही कल्पना नसते. दीप मात्र विकला जातो.

येथे संग्राहकाची जबाबदारी सुरू होते. बेंगळुरूच्या कुमारकृपा मार्गावरील कर्नाटक चित्रकला परिषदेचे प्रा. एम. एस. नंजुंड राव हे स्वतः चित्रकार होते. कर्नाटकातील खेडोपाडीच्या बाहुली-मेळांकडील जुन्या कातडी बाहुल्यांचा त्यांनी मोठा संग्रह केला, त्यावर ग्रंथ लिहिला, आणि तो संग्रह परिषदेच्या संग्रहालयाचे भूषण ठरला आहे. ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक सिटीला मेट्रोची पिवळी मार्गिका मिळाली आहे. आर. व्ही. रोडला गाडी बदलून मॅजेस्टिक गाठले की परिषद तेथून जवळच आहे. सुट्टीच्या दिवशी मॉलची वाट धरण्यापूर्वी एकदा ही वाट धरून पाहण्यास हरकत नसावी. दरवर्षी जानेवारीत भरणाऱ्या 'चित्रसंते'च्या गर्दीत परिषदेसमोरचा रस्ता फुलून जातो, पण बाहुल्या पाहायच्या तर शांत दिवस निवडावा.

जुन्या बाहुल्यांच्या बाबतीत एक पेच आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अनेक घराण्यांत जीर्ण झालेली बाहुली टाकून देत नसत. तिची पूजा करून तिला नदीत विसर्जित करीत. बाहुलीत देवत्व आहे, तेव्हा तिला निरोपही देवासारखाच, अशी ती भावना. नदीकडे निघालेली बाहुली संग्राहक वाटेत अडवतो. हे योग्य की अयोग्य? विसर्जनाची प्रथा तेव्हाच निर्धास्त असते, जेव्हा जुन्या बाहुलीच्या जागी नवी बाहुली घडविणारा हात घरात असतो. चित्रपट आणि दूरदर्शनने खेळ बंद पाडले, नवी मोठी बाहुली कोणी घडवीनासे झाले, अशा काळात जुनी बाहुली पाण्यात सोडणे म्हणजे मूळ प्रतच बुडविणे होय. म्हणून नंजुंड रावांसारख्यांनी जे केले ते उचितच केले. मात्र त्यांचा मार्ग सामान्य हौशी माणसाने गिरवू नये. संस्थेने जुने जपावे, व्यक्तीने नवे विकत घ्यावे. जुनी बाहुली घेतली तर पैसा दलालाला मिळतो. नवी घेतली तर छिन्नी चालू राहते.

कायद्याचेही भान ठेवावे लागते. पूर्वी देवांच्या बाहुल्यांसाठी हरणाचे कातडे वापरण्याचा प्रघात होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा कातड्याच्या वस्तूंचा खाजगी व्यवहार हा गुन्हा ठरू शकतो. तसेच शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू कोणा खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी बदली झालेल्या अभियंत्याने सामान बांधताना हे ध्यानात घेतलेले बरे. बकऱ्याच्या कातड्याच्या नव्या कामाला ही कोणतीच अडचण नाही.

याच कुळातील कला कोकणातही आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या असे तिन्ही खेळ करीत आला. सावंतवाडी संस्थानचा त्यास आश्रय होता. आश्रय संपला आणि खेळ करणे कमीपणाचे वाटू लागले. अशा वेळी परशुराम आत्माराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले आणि समाजातील जुन्या पोथ्या, चित्रे, बाहुल्या तेथे एकत्र आणल्या. २०२१ साली ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. पुढे २०२५ मध्ये कोप्पळ जिल्ह्यातील, नव्वदी ओलांडलेल्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना तोच सन्मान मिळाला. निम्मलकुंटा, पिंगुळी आणि कोप्पळ! अवघ्या सहा वर्षांत तीन राज्यांतील तीन कातडी-बाहुलीकार राष्ट्रपती भवनाच्या यादीत झळकले. वृत्तपत्रांनी तीन वेगवेगळ्या बातम्या छापल्या. हे तिघे एकाच कलेचे वारसदार आहेत, असे चौथी बातमी करून सांगण्याची गरज कोणास वाटली नाही.

नाव सुटले की काय होते, याचा धडा कोल्हापुरी चपलेने अलीकडेच दिला आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर त्या चपलांमागील प्रेरणा भारतीय असल्याचे कंपनीने मान्य केले. या चपलेला २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील जिल्ह्यांचे आहे, कारण अथणी, निपाणी भागांतील कारागीरही पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. सीमाप्रश्नावर दोन राज्ये कितीही भांडोत, वादीने शिवलेल्या या चपलेने केव्हाच तोडगा काढला आहे. परंतु मिलानच्या कंपनीवर संतापणाऱ्या किती जणांना आपल्या पायातील कापशी किंवा पुकारी कोणी शिवली हे सांगता येईल? परक्याने गावाचे नाव गाळले म्हणून राग आला. माणसाचे नाव तर घरच्यांनीच गाळले आहे.

बँकेच्या परिभाषेत बोलायचे तर, ज्या संग्रहाची नोंदवही नाही तो केवळ मालसाठा होय. नोंदवहीस खर्च येत नाही. दोनशे पानांची साधी वही पुरे. वस्तू कोणी घडविली, कोणत्या गावी, कोणाकडून शिकला, आकृती कोणत्या प्रसंगाची, कोणत्या कातड्याची, केव्हा घेतली, कितीला घेतली आणि कारागिराने तिच्याविषयी काय सांगितले, एवढे लिहावे. कारागीर संकोचत नसेल तर त्यास वस्तूच्या मागील कडेवर सही करण्यास सांगावे. तैलचित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते, मग हनुमानाच्या शेपटीखाली का नसावी? पंचवीस वस्तूंची नीट लिहिलेली वही ही अडीचशे अनाम वस्तूंपेक्षा मोलाची ठरते, आणि मुलांच्या हाती देण्याजोगी तीच असते.

घासाघीस हाही एक नाजूक विषय आहे. भाजी घेताना ती शोभते, सहा दिवस छिन्नी चालविलेल्या कामावर ती शोभत नाही. त्यापेक्षा मनाजोगती आकृती सांगून, विसार देऊन काम करवून घ्यावे. बाजारात खपतात म्हणून कारागीर वर्षानुवर्षे तेच मोर आणि तेच गणपती करीत राहतो. कोणी जटायू मागितला, कोणी शूर्पणखा मागितली, कोणी खेळातील विदूषकाची जोडी मागितली, की त्याला आजोबांचे नमुने आठवावे लागतात. संग्राहकाच्या हट्टातून विस्मरणात चाललेली आकृती परत येऊ शकते, आणि हे कोणत्याही शासकीय योजनेच्या आवाक्याबाहेरचे आहे. योजना आहेत आणि त्या चांगल्याही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत चर्मकार आहेत, पारंपरिक बाहुल्या व खेळणी करणारेही आहेत. पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजाने मिळते. कर्ज देणे बँकेच्या हाती असते. कर्जदाराच्या दारात गिऱ्हाईक आणून उभे करणे बँकेच्या हाती नसते. परतफेडीचा हप्ता अखेर कोणाच्या तरी दिवाणखान्यातूनच येतो.

वस्तू घरी आणल्यावर तिची निगा राखणे आलेच. कमावलेले नसल्याने हे कातडे हवेतील दमट-कोरडेपणाबरोबर फुगते आणि आक्रसते. बेंगळुरूच्या पावसाळी हवेत त्यावर बुरशी धरू शकते. दीपात जुन्या पद्धतीचा तापणारा दिवा लावू नये, एलईडी लावावा. उन्हाच्या थेट तिरिपीत रंग विटतात. सुटी बाहुली गुंडाळून किंवा घडी घालून कधीच ठेवू नये. सुती कापडाच्या किंवा चांगल्या कागदाच्या दोन थरांमध्ये सपाट ठेवावी, प्लॅस्टिकमध्ये तर मुळीच कोंडू नये, आणि अधूनमधून बाहेर काढून हवा द्यावी. हवा देण्याचा दिवस मुलांच्या सुट्टीचा ठेवला, खोलीत अंधार करून एक चादर ताणली आणि मागून दिवा धरला, तर भिंतीवर टांगलेली बाहुली पुन्हा आपल्या मूळ कामाला लागते.

धर्मावरमला सकाळी पोहोचून निम्मलकुंट्यात दिवस घालविता येतो. अंगणात ताणून वाळत घातलेली कातडी, ओसरीवर रंग भरणाऱ्या बायका आणि छिन्नीची टकटक. तेथे गेल्यावर हिंदी किंवा इंग्रजीत भाव विचारण्याआधी मराठीत एवढेच विचारावे की, हा खेळ घरात कोणी शिकविला. उत्तर वेगळ्या हेलात येईल, मध्ये तेलुगू शब्द येतील, एखादे वाक्य दोनदा ऐकावे लागेल. ते जसे कानी पडेल तसे, त्याच शब्दांत, वहीत लिहून घ्यावे.